बटाट्याला हवी थंडीची रात्र

मराठवाड्यात परसबागेत बटाटा लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. झाड गुडघ्याच्या वर गेलं, पानं हिरवीगार होती, आणि उकरून पाहिलं तर खाली बोराएवढ्या चार गाठी. दोष मग खताला दिला जातो, नाहीतर काळ्या मातीला. माती आणि खत यांचा वाटा आहेच. पण माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की लागवड कधी केली होती? कारण बटाटे धरायचे की नुसता पाला वाढवायचा, हे झाड फार करून रात्रीच्या गारव्यावरून ठरवतं.

जमिनीखाली वाढत असला, तरी बटाटा म्हणजे मूळ नव्हे. रताळं हे खरोखरीचं मूळ आहे. बटाटा हा खोडाचा भाग. हातात घेऊन त्याचे डोळे नीट पाहा. प्रत्येक डोळा म्हणजे खोडावरचं एक पेर आहे. डोळ्याच्या कडेची भुवईसारखी रेघ ही तिथल्या अगदी छोट्या पानाची खूण, आणि आतला उंचवटा म्हणजे फुटायची वाट पाहणारा कोंब. फांदीवर पानं जशी वळसे घेत येतात, तसेच हे डोळेही बटाट्याभोवती वळशाने मांडलेले असतात. एका टोकाला त्यांची दाटी असते, तो शेंडा. दुसऱ्या टोकाला तुटलेल्या देठाची खूण दिसते.

लागवडीनंतर कोंबाच्या जमिनीतल्या भागातून पांढऱ्या, बारीक फांद्या आडव्या निघतात. वर उजेडात आल्या तर त्यांना पानं फुटतात आणि त्या साध्या फांद्या होतात. अंधारात राहिल्या आणि वरून योग्य तो निरोप आला, तर त्यांचं टोक लांब वाढणं थांबवतं आणि फुगू लागतं. पानांनी उन्हात तयार केलेली साखर खाली उतरून तिथे स्टार्चच्या रूपात साठते. तयार बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात बहुतांश हा स्टार्चच.

हा निरोप पानांतून येतो. किती तास अंधार होता, याची नोंद पानं ठेवतात. 2011 साली स्पेन आणि जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ‘एसपी-सिक्स-ए’ नावाचं एक प्रथिन पानांत तयार होतं, अन्नवाहिन्यांतून खाली उतरतं आणि त्या आडव्या फांद्यांच्या टोकांना बटाटा धरायला लावतं. फुलं येण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचंच हे भावंड. उष्णता वाढली, की पानं हे प्रथिन बनवणं कमी करतात. शिवाय गरम रात्री झाडाचा श्वासही जोरात चालतो आणि दिवसभर कमावलेली साखर तिथेच खर्ची पडते. म्हणजे बटाट्याचं नुकसान दुहेरी. निरोप पोचत नाही, आणि साठवायला फारसं काही उरतही नाही.

रात्रीचं तापमान 15 ते 18 अंश सेल्सिअस असलं, तर बटाटे उत्तम धरतात. ते 20-22 अंशांच्या वर राहू लागलं, की धरणं मंदावतं, आणि जमीन 30 अंशांपर्यंत तापली तर जवळजवळ थांबतं. ही सवय त्याच्या माहेरची. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपास, माणसाने हजारो वर्षांपूर्वी बटाटा माणसाळवला. तिथे दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी.

मराठवाड्यात अशा रात्री वर्षातून एकदाच येतात, पण येतात त्या भरघोस. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि त्याच परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो एक आकडी होतो. ही खिडकी गाठायची, तर लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायला हवी. पंचांगाशी हे फार छान जुळतं. दिवाळीच्या पाडव्याला लावलेला बटाटा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, साठ दिवसांच्या आसपास असतो आणि नेमका तेव्हा भराभर पोसत असतो. रथसप्तमीला त्याला पंचाण्णव दिवस होतात, म्हणजे बहुतेक वाणांच्या काढणीची वेळ. त्यानंतर ऊन चढत जातं. जानेवारीत ‘आता पाणी आहे, लावून बघू’ म्हणून केलेली लागवड म्हणूनच पाल्यावर भागते.

वाणही बघावा. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. सिमल्याजवळच्या कुफ्री गावावरून तिच्या वाणांना नावं मिळाली. त्यातला 1972 चा ‘कुफ्री लवकर’ हा पठारी भागासाठी आणि लवकर तयार होणारा, तर 2006 चा ‘कुफ्री सूर्या’ मुद्दाम उष्णता सोसण्यासाठी तयार केलेला. सूर्या थोड्या उबदार रात्रींतही बटाटे धरतो. थंडी उशिरा येणाऱ्या वर्षी हा फरक मोठा ठरतो.

बेणं शक्यतो प्रमाणित घ्यावं. बटाट्यातले विषाणूरोग बेण्यातून पुढच्या पिढीत जातात आणि बाहेरून बटाटा निरोगी दिसतो. बाजारातला खाण्याचा बटाटा शीतगृहातून आलेला असेल, तर कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर क्लोरप्रोफॅमची प्रक्रियाही झालेली असू शकते. तो लावून महिनाभर वाट पाहण्यात अर्थ नाही. बेणं कापायचं, तर प्रत्येक फोड 30-40 ग्रॅमची आणि दोन-तीन डोळ्यांची असावी. कापल्याने आणखी एक गोष्ट घडते. शेंड्याचा डोळा जोवर शाबूत असतो, तोवर तो बाकीच्यांना फुटू देत नाही. कापल्यावर त्याचा हा धाक जातो. फोडी लगेच मातीत घालू नयेत. दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी पसराव्यात. कापलेल्या पेशी सुबेरिनचा थर धरतात. बाटलीचं बूच ज्या सालीपासून करतात, तिच्यातलाच हा पदार्थ. या थरामुळे जखम बुजते आणि कुजवणारे जंतू आत शिरत नाहीत. माती अजून ऊबदार असेल, तर कापण्याच्या भानगडीत न पडता लहान, अख्खे बटाटे लावलेले बरे.

आता मातीकडे. आपली काळी भुई बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. या दोन्ही गोष्टींचा बटाट्याला त्रास होतो. ओल्या, घट्ट बसलेल्या मातीत हवा नसते, आणि बटाटा श्वास घेतो. त्याच्या सालीवरची बारीक छिद्रं जास्त पाण्यात पांढरी होऊन फुगतात, मग तिथूनच कुज लागते. म्हणून सपाट वाफ्यात बटाटा लावू नये. शेणखत भरपूर मिसळून वरंबा करावा. खत नीट कुजलेलं हवं. दोन वरंब्यांत दीड-दोन फूट, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं.

पण भेगांचा धोका मला त्याहून मोठा वाटतो. महाराष्ट्रात बटाट्याचा खरा वैरी म्हणजे पाकोळी. हा करड्या रंगाचा इवलासा पतंग. त्याची मादी उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते, आणि अळी आत शिरून बोगदे करते. माती भेगाळली, की मादीला आणि अळीला खालपर्यंत सरळ वाट मिळते. मातीची भर लावण्यामागे ही एवढी मोठी गोष्ट आहे. रोप वीतभर झालं, साधारण 25-30 दिवसांनी, खुरप्याने दोन्ही बाजूंची माती ओढून बुडाशी लावावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. भर लावल्याने आडव्या फांद्या अंधारात राहतात, पोसणारे बटाटे झाकले जातात आणि पाकोळीची वाट बंद होते. वरून सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट पसरावं. त्याने भेगा पडत नाहीत, दुपारी माती कमी तापते आणि पाणीही वाचतं. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात एवढ्या एका कामाचे तीन उपयोग होतात.

पाणी थोडं, पण नियमित द्यावं. बटाट्याची मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात, त्यामुळे खोलवरची ओल त्याला मिळत नाही. आठ दिवस कोरडं ठेवून मग वाफा तुडुंब भरला, तर थांबलेली वाढ एकदम सुरू होते आणि बटाटे तडकतात, त्यांना आडवेतिडवे फुगवटे येतात किंवा ते आतून पोकळ निघतात.

चुलीची राख घालायची पद्धत घरोघरी आहे, पण आपल्याकडे बटाट्याला ती घालू नये असं मी आग्रहाने सांगेन. राखेत पालाश असतो हे खरं. मात्र काळ्या जमिनीत तो सहसा पुरेसा असतो. राखेने जमिनीचा अल्कपणा वाढतो, आणि मराठवाड्याची बरीचशी जमीन आधीच अल्क आणि चुनखडीयुक्त आहे. अशा मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचा सूक्ष्मजीव जोर धरतो आणि बटाट्याच्या सालीवर खडबडीत खपल्या आणतो. बटाटे धरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होईल अशी ठेवली, तर हा रोग बराच आवरतो.

वांगी, टोमॅटो, मिरची ही बटाट्याची भाऊबंद. त्यांचे रोगही सामाईक, तेव्हा गेल्या हंगामात ती जिथे होती ती जागा टाळावी. आयर्लंडमध्ये 1845 पासून दुष्काळ पाडणारा उशिराचा करपा मात्र थंड आणि दमट हवेत फोफावतो. आपली कोरडी थंडी इथे बटाट्याच्या मदतीला येते. ढगाळ आठवडा आणि अवकाळी पाऊस आला, तरच पानांच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते का, ते रोज पाहावं.

जागा नसेल तर गच्चीवर पोत्यातही बटाटा येतो. फक्त स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता सोडत राहतो, त्यामुळे नेमका गारवा हिरावला जातो. पोतं विटांवर उचलून ठेवावं आणि शक्यतो पांढरं घ्यावं.

पाला पिवळा पडून लोळू लागला, की पाणी तोडावं, पाला बुडातून कापावा आणि दहा-बारा दिवस बटाटे मातीतच राहू द्यावेत. या दिवसांत साल पक्की होते. एखादा काढून अंगठ्याने घासावा. साल सरकली तर आणखी थांबावं. काळी माती पूर्ण वाळली तर दगड होते आणि टिकावाने बटाटे फुटतात, म्हणून काढणी वाफशावरच करावी. सकाळी काढावेत आणि लगेच सावलीत न्यावेत.

सावलीचा आग्रह केवळ सुकण्याच्या भीतीने नाही. उजेड मिळाला, की बटाट्याला आपण खोड असल्याचं जणू आठवतं आणि साल हिरवी होते. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने सालीत सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात. किलोभर बटाट्यात त्यांचं प्रमाण 200 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानतात. उकळून वा तळून ती फारशी जात नाहीत. हिरवा भाग जाडसर कापून टाकावा, आणि चवीला कडू लागला तर बटाटाच टाकावा. पाला जनावरांपुढे घालू नये. कधी झाडाला हिरव्या टोमॅटोसारखी छोटी फळं लागतात, तीही विषारीच. घरात लहान लेकरं असतील तर ही फळं आधीच तोडावीत.

काढलेले बटाटे पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर खोलीत पसरून ठेवले, की खरचटलेल्या जागा भरून येतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. 4 अंशांच्या आसपास त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, ते गोडसर लागतात आणि तळताना काळपट पडतात. दिवाळीच्या बेण्यासाठी घरी राखून ठेवण्याचाही उपयोग नाही. बटाट्याची झोप साधारण दोन-अडीच महिन्यांची. एप्रिलच्या उकाड्यात कोंब फुटतात, सुरकुत्या पडतात आणि साठवणीत पाकोळी लागते. बेण्याचा बटाटा 2 ते 4 अंशांच्या शीतगृहातच टिकतो, तेव्हा बेणं दरवर्षी नवं आणावं. खाऊन उरतील ते फाल्गुनात किसून, उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावेत. उकळत्या पाण्याने बटाटा काळा पाडणारं विकर (एन्झाइम) निकामी होतं, आणि पाणी निघून गेलेल्या किसात बुरशी वाढत नाही.