बर्फ दूर, म्हणून क्लब

ठाण्याहून स्कीइंगसाठी गट निघाला की ‘समुद्रकाठच्या माणसांना हे कशाला?’ असं कोणीतरी विचारतंच. पण क्लब काढून, गट जमवून बर्फावर जाण्याची प्रथा वाढवली ती बर्फ नसलेल्या गावच्या माणसांनीच.

नॉर्वेतल्या ट्रिसिलमध्ये १८६१ सालीच स्की क्लब होता, पण तिथं बर्फ दारातच पडतो. लंडनचं तसं नव्हतं. स्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटनची स्थापना ६ मे १९०३ रोजी झाली, तीही कॅफे रॉयल नावाच्या उपाहारगृहात. सगळ्यात जवळचा भरवशाचा बर्फ आल्प्समध्ये, म्हणजे समुद्र ओलांडून. या क्लबनं पुढे सभासदांच्या कौशल्याच्या परीक्षा सुरू केल्या: तिसरा वर्ग, दुसरा, पहिला. १९३१ मध्ये बोस्टनहून फक्त स्कीइंगवाल्यांसाठी ‘स्नो ट्रेन’ सुटू लागल्या. १९३२ मध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्या एर्ना लो या व्हिएन्नाच्या तरुणीनं वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन ऑस्ट्रियाला गट नेला. पंधरवड्याचे पंधरा पौंड, प्रवासासकट. एकट्याला न परवडणारं दहाजणांत परवडतं, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

भारतात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला. आपल्याकडची वाट मात्र गिर्यारोहणातून आली. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था उभी राहिली. त्याच वर्षी दार्जिलिंगची प्रशिक्षण संस्था निघाली, १९६१ मध्ये मनालीची, १९६५ मध्ये उत्तरकाशीची. मनालीच्या संस्थेत पुढे स्कीइंगही शिकवलं जाऊ लागलं. सह्याद्रीत दोर आणि साहित्य सामाईक ठेवायचं, नवख्याला जुन्यानं तयार करायचं, ही शिस्त इथल्या क्लबांच्या अंगवळणी पडलेली होती. २०१६ मध्ये सीबीडी बेलापूरला क्लाइंबिंगचा विश्वचषक टप्पा झाला, तो या परंपरेच्या जोरावरच. बर्फावर जाणाऱ्या गटानं हीच शिस्त सोबत न्यावी.

तिचा पहिला उपयोग बुटांपाशी होतो. गुलमर्ग किंवा उत्तराखंडातल्या औलीच्या भाड्याच्या दुकानात सकाळी गर्दी असते, हाती येईल तो बूट चढवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी नडगी सोलते. म्हणून मापं ठाण्यातच घ्यावीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि अंगठ्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं. स्की बुटाचा नंबर म्हणजे हेच माप: २६.५ सेंटिमीटरला २६.५. बूट घातल्यावर सरळ उभं राहताना बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. थंडीच्या धास्तीनं दोन घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

त्याच कागदावर प्रत्येकाचं वजन, उंची आणि वय लिहावं. बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगचा आकडा या तिन्हींवर, बुटाच्या तळाच्या लांबीवर आणि कौशल्यावर ठरतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिला तर धोका दोन्हीकडून: कमी असेल तर स्की भलत्या वेळी सुटते, जास्त असेल तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटतो. इथे लाजेखातर वजन कमी सांगू नये, आणि कौशल्य वाढवून तर मुळीच सांगू नये.

गटाची प्रतवारीही निघण्याआधीच व्हावी. पहिल्यांदा येणारे वेगळे, स्नोप्लाऊ करून, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवून, थांबता येणारे वेगळे. सगळ्यांना एकाच प्रशिक्षकामागे लावलं की नवखे घाबरतात, जाणते कंटाळतात. तयारी मात्र सगळ्यांची सारखीच. सहल जानेवारीअखेर असेल तर दिवाळीपासून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढउतार धरावा. त्यात उतार महत्त्वाचा, कारण स्कीइंगमध्ये मांड्या सतत भार अडवत असतात. त्या थकल्या की पाय ऐकत नाहीत आणि माणूस पडतो.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारा पाळणा, १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत गेला, २००५ मध्ये अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. तिथून आखलेली वाट सोडून उतरणाऱ्यांसाठी क्लब ही सोय नाही, गरज आहे. हिमस्खलनात पुरलेला माणूस सहसा स्वतः बाहेर येऊ शकत नाही, आणि पहिल्या पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते, शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (रेडिओ संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या सरावाला बर्फ लागत नाही. मैदानात पालापाचोळ्याखाली एक लपवावा, घड्याळ लावावं आणि गटानं शोधावा, पाच मिनिटांच्या आत सापडू लागेपर्यंत.