चावी, चमचा आणि लॉराची बोटं
हेलन केलर आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते, पण तिला ज्या पद्धतीने भाषा मिळाली ती पद्धत पन्नास वर्षं आधी बसवणारा बोस्टनचा डॉक्टर सॅम्युअल ग्रिडली हाऊ मात्र कुणाला आठवत नाही. १८२४ ला हार्वर्डमधून डॉक्टर झाला आणि दवाखाना थाटायचं सोडून ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात सर्जन म्हणून गेला, परत आल्यावर १८३२ मध्ये वडिलांच्या घरातच अंध मुलांची शाळा सुरू केली, तीच पुढे पर्किन्स नावाने प्रसिद्ध झालेली अंधशाळा.

१८३७ मध्ये तिथे सात वर्षांची लॉरा ब्रिजमन आली. दोन वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिची नजर आणि कान दोन्ही गेले होते. हाऊने काय केलं, तर चावी, चमचा, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांतली नावं चिकटवली आणि तिला हात फिरवायला दिलं. मग नावं सुटी केली, ती बरोबर त्या त्या वस्तूवर ठेवायला लागली. मग अक्षरंच सुटी करून ढीग केला आणि त्यातून शब्द जुळवायला लावला. आता हे सगळं नुसतं पाठांतरही असू शकतं ना, आणि बरेच दिवस तसंच होतं, पण एका टप्प्यावर तिला उमगलं की आपल्या मनात जे आहे ते या खुणांनी दुसऱ्याला सांगता येतं, आणि हाऊ लिहितो की तिचा चेहराच उजळला. मला तर हा विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

हाच माणूस गुलामगिरीविरुद्धही तितक्याच जिद्दीने लढला, गुलामगिरी मोडायला हत्यार उचललेल्या जॉन ब्राऊनने १८५९ मध्ये हार्पर्स फेरी या गावी केलेल्या उठावामागे गुपचूप पैसा उभा करणाऱ्या सहा जणांत तो होता. उठाव फसल्यावर मात्र काही काळ कॅनडात गेला आणि मला काही माहीत नव्हतं असं जाहीर केलं, ते वाचून वाईट वाटतं.

अंधांना समाजापासून वेगळं काढू नका हा त्याचा आग्रह, म्हणून पुस्तकंही डोळस लोक वाचतात त्याच रोमन अक्षरांत उठाव देऊन छापली. पण बोटाला रेषेची वळणं ओळखणं जड जातं, ब्रेलसारखे उंचवट्याचे ठिपके पटकन कळतात, शिवाय ठिपके अंध माणसाला स्वतः लिहिता येतात. मग अमेरिकेत ठिपक्यांच्याही दोन-तीन वेगवेगळ्या लिप्या झाल्या, त्यांची भांडणं चालली, आणि अमेरिका-ब्रिटनचं इंग्रजी ब्रेल एक व्हायला १९३२ साल उजाडलं.