तळं वाचवायचंय ना, मग डोंगरावर कशाला चाललात?

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे सात, बाहेर उणे 12 सेल्सिअस आणि मी मोज्यांवर मोजे चढवत बसलेले, तेवढ्यात पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. सांगितलं तिला, इथे तळी वाचवणारी एक संस्था आहे, त्यांच्यासोबत बर्फातून डोंगरावर चाललेय. आई म्हणाली, "अगं, तळं वाचवायचंय ना, मग डोंगरावर कशाला चाललात?"

घाईत काहीतरी बोलून फोन ठेवला, पण प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला कारण तो एकदम मुद्द्याचा होता.

न्यू हॅम्पशायर म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येचं चिमुकलं राज्य. त्यात लेक्स रीजन नावाचा भाग, आणि तिथलं सगळ्यात मोठं तळं विनिपसॉकी, जवळपास 186 चौरस किलोमीटरचं. तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं. इथे 1979 पासून लेक्स रीजन कन्झर्व्हेशन ट्रस्ट नावाचा लँड ट्रस्ट आहे आणि गंमत म्हणजे हे लोक पाण्यात फारसं काही करत नाहीत, ते जमीन घेतात. कधी सरळ विकत, कधी जमीन मालकाकडेच ठेवून त्याच्याकडून कायमचं लिहून घेतात की इथे प्लॉटिंग होणार नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो ना, तसंच काहीसं, फक्त हा बोजा कधी उतरत नाही, जमीन विकली तरी नव्या मालकाच्या मानेवर बसतो. आम्ही गेलो होतो तो डोंगरही ट्रस्टचाच, 2002 साली घेतलेला, पाच हजार एकरांहून मोठा. तिथे बुटांच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका कारखानदाराने 1914 च्या सुमारास बंगला बांधलाय आणि नाव ठेवलंय लखनौ. न्यू हॅम्पशायरच्या बर्फात लखनौ!

असो. पायात स्नोशू. दिसायला बॅडमिंटनची रॅकेट बुटाला बांधल्यासारखं, पण काम सोपं, वजन मोठ्या जागेवर पसरतं म्हणून माणूस गुडघ्यापर्यंत रुतत नाही. इथल्या सशाने ही युक्ती आधीच शोधलीय, त्याचे मागचे पाय इतके मोठे आणि केसाळ की त्याचं नावच स्नोशू हेअर. त्याचे ठसे दाखवले आम्हाला, मागचे मोठे पाय पुढच्या छोट्या पायांच्याही पुढे उमटलेले, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा तो नेमका उलट्या दिशेला गेला असं समजतो. मीही समजले.

मग आमच्या गाइड आजींनी खिशातून चिकन शिजलं का बघायचा लांब सुईचा थर्मामीटर काढला. हवेत धरला, उणे 11. मग बाजूच्या बर्फात हातभर खड्डा केला आणि सुई अगदी तळाशी, पानांच्या थरात खुपसली. उणे 1! वर हुडहुडी भरतेय आणि अर्धा मीटर खाली जवळजवळ शून्य. कारण ताज्या बर्फात बर्फ कमी आणि हवा जास्त, दहातले नऊ हिस्से हवाच असू शकते, आणि अडकून पडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. आपल्याकडची गोधडी जुन्या लुगड्यांच्या थरात हवा धरून ऊब देते, तेच इथे. जमिनीत उन्हाळ्यातली ऊब शिल्लक असते ती या गोधडीखाली टिकते, आणि तिथे उंदीर, चिचुंद्र्या बोगदे करून आख्खा हिवाळा काढतात. वरून कोल्हा कान टवकारून ऐकतो आणि अंदाजाने तोंडावर सूर मारतो.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर याच गोधडीखाली होतं. जंगलातली जमीन बर्फाखाली फार खोलवर गोठत नाही, आणि पालापाचोळ्याने, मुळांनी भुसभुशीत असते, त्यामुळे वसंतात बर्फ वितळला की बरंचसं पाणी मुरतं, गाळून, सावकाश तळ्याकडे जातं. रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये उलटं, तिथला बर्फ खरवडून काढलेला म्हणजे गोधडीच ओढून घेतलेली, खाली जमीन कडक गोठलेली, वर डांबर, त्यावर घसरू नये म्हणून टाकलेलं मीठ आणि वाळू, मग वितळलेलं पाणी हे सगळं घेऊन थेट गटारात आणि गटार तळ्यात. या वाळू-मातीला चिकटून फॉस्फरस जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाला बाकी सगळं मिळतं, अडतं ते बहुतेक वेळा फॉस्फरसपाशी, त्यामुळे तो थोडासाही वाढला की जुलै-ऑगस्टमध्ये पाणी हिरवं होतं. त्यातलं सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं, विनिपसॉकीतही अलीकडच्या काही उन्हाळ्यांत त्याचे इशारे निघालेत. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, त्यांनी रंकाळा हिरवागार झालेला बघितलाय, तिथे कारण मुख्यतः सांडपाणी, पण रसायनशास्त्र तेच.

दुपारी खाली काठावर आलो. तळं पांढरं पटांगण झालेलं, त्यावर लोक भोकं पाडून मासे धरत बसलेले. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं, म्हणून खाली द्रव पाणी राहतं आणि मासे जगतात. चालायचं तर स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ निदान चार इंच हवा असं सांगतात, पांढरा बर्फ साधारण निम्माच मजबूत. आणि हो, चार इंच आहे की नाही ते भोक पाडून मोजायचं, मनाने ठरवायचं नाही.

बर्फ कधी जातो याची इथे 1887 पासून नोंद आहे. माउंट वॉशिंग्टन नावाची बोट ऑल्टन बे, सेंटर हार्बर, वीअर्स बीच, मेरेडिथ आणि वुल्फबरो या पाचही धक्क्यांना लागू शकेल इतकं पाणी मोकळं झालं की आइस-आउट झालं म्हणायचं. हल्ली विमानातून बघून ठरवतात, आणि तारखेवर पैजा लागतात. 1888 ला हा दिवस उजाडला थेट 12 मे ला. 2016 मध्ये 18 मार्च, आणि 2024 ला तोही रेकॉर्ड एका दिवसाने मोडला, 17 मार्च. बर्फ लवकर गेला की पाणी तापायला जास्त दिवस मिळतात, शेवाळाला तेच हवं असतं.

शेजारच्या स्क्वॉम तळ्यावर तर 1897 पासून एका कॅम्पसाठी बर्फ कापतात, अजूनही. करवतीने लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात रचून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात तिथल्या केबिनमधल्या आइसबॉक्समध्ये वापरायच्या. हे ऐकल्यावर मला 1833 आठवलं. त्या वर्षी बॉस्टनहून टस्कनी नावाचं जहाज असाच तळ्यातला 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता! विषुववृत्त दोनदा ओलांडून. पुढे मुंबईलाही असा बर्फ यायचा. मोठा ढीग सावकाश वितळतो आणि भुश्यात पुन्हा तीच अडकलेली हवा, गोधडीचंच गणित.

ऊन उतरल्यावर तळं बोलायला लागलं. गारठ्याने बर्फ आकसतो, कुठेतरी तडा जातो, त्याची थरथर बर्फाच्या आख्ख्या पत्र्यातून पळते, आणि या पत्र्यात बारीक सूर जाड सुरांपेक्षा जोरात धावतो, म्हणून लांब उभं राहिलं तर आधी टोकदार मग घसरत जाणारा आवाज येतो, प्यूंऽऽव, सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखा. मी हातमोजा काढून रेकॉर्ड केला, बोटं बधिर झाली, आणि आईला पाठवला.

तिचं उत्तर सकाळी आलं. "कुणीतरी पत्र्यावर दगड मारतंय गं. आणि टोपी घातली होतीस का?"