काई टाक : धावपट्टी १३ वरील अवतरण

हाँगकाँगच्या कौलून भागात १९२५ ते १९९८ या काळात असलेल्या काई टाक विमानतळावर वायव्येकडून, म्हणजे शहराच्या बाजूने, विमान उतरवण्याची पद्धत. मोठ्या प्रवासी विमानांच्या नित्य वापरातील जगातल्या सर्वांत अवघड अवतरणांमध्ये तिची गणना होत असे.

अडचणीचे मूळ तेथील भूरचनेत होते. उत्तरेस सुमारे ४९५ मीटर उंचीचा लायन रॉक आणि त्याला लागून असलेली डोंगररांग, पायथ्याशी दाट वस्ती आणि पलीकडे बंदर, अशा स्थितीत लांब धावपट्टीला सपाट जमीन नव्हतीच. म्हणून कौलून उपसागरात भराव टाकून १९५८ मध्ये पाण्यात शिरणारी धावपट्टी तयार करण्यात आली व पुढे तिची लांबी सुमारे ३,३९० मीटरपर्यंत वाढवण्यात आली. आग्नेयेकडून, समुद्राच्या बाजूने, तिच्यावर सरळ रेषेत उतरता येई. परंतु विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरवावे लागते, आणि वारा आग्नेयेचा असला की शहराच्या बाजूने येण्यावाचून गत्यंतर नसे. त्या बाजूची सरळ वाट डोंगरांनी अडवलेली होती.

यावर १९७४ मध्ये योजलेला उपाय असामान्य होता. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याच्या नेहमीच्या प्रणालीत रेडिओ संकेत विमानाला थेट धावपट्टीपर्यंत आणतो. येथे मात्र तो मुद्दाम एका टेकडीच्या रोखाने सोडलेला होता. वैमानिक पश्चिमेकडून ८८ अंशांच्या दिशेने वस्तीवरून खाली येत. टेकडीच्या उतारावर नारिंगी व पांढऱ्या रंगांचे भलेमोठे चौकोन रंगवलेले होते. ते दिसल्यावर संकेताचा आधार सोडून, केवळ नजरेच्या भरवशावर, उजवीकडे ४७ अंशांचे वळण घ्यावे लागे. सुमारे ६५० फुटांवर सुरू झालेले हे वळण संपून पंख समतल होईपर्यंत जेमतेम दीडशे फूट उंची उरलेली असे. ठरलेल्या उंचीपर्यंत टेकडी किंवा खुणेचे दिवे दिसले नाहीत, तर उतरण्याचा प्रयत्न तेथेच सोडून द्यावा लागे, कारण पुढे डोंगर होता.

खरी कसोटी वाऱ्याची होती. नैर्ऋत्येचा वारा असल्यास वळणाआधी तो विमानाला मागून रेटत असे आणि वळण पूर्ण होता होता तोच उजवीकडून आडवा लागे. वळायला थोडा जरी उशीर झाला, तरी विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे वाहवत जाई, आणि ती चूक सुधारण्यासाठी इतक्या कमी उंचीवर पंख अधिक कलवणे धोक्याचे होते. त्यातच डोंगरांवरून येणारा वारा हेलकावे देई. बोइंग ७४७ सारखे अवाढव्य विमान अशा स्थितीत हाताने वळवून काही सेकंदांत मध्यरेषेवर आणणे हे उच्च कोटीचे कौशल्य होते, आणि तेथील वैमानिक ते रोजच्या रोज दाखवत.

या व्यवस्थेत शहरही सामील होते. वळणाची दिशा दाखवणारे दिवे वक्र रांगेत इमारतींच्या गच्च्यांवर बसवलेले होते, परिसरातील इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा होती आणि वैमानिकांची गफलत होऊ नये म्हणून आसपासच्या निऑन फलकांना उघडझाप करण्याची मनाई होती.

हे अवतरण धोकादायक म्हणून गाजले असले, तरी ‘अवघड’ हेच विशेषण त्याला अधिक न्याय देते. तेथे उतरताना झालेल्या मोठ्या अपघातांची कारणे या वळणापेक्षा वेगळी होती. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी सात जणांचा बळी घेणारा ट्रायडंट विमानाचा अपघात समुद्राच्या बाजूने, म्हणजे तुलनेने सोप्या मार्गाने, उतरताना झाला. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७ वादळी हवामानात शहराच्या बाजूनेच आले. त्याने वळण पार केले, पण चाके फार पुढे टेकल्यामुळे ते धावपट्टीच्या टोकावरून पाण्यात गेले. त्यातील सर्व ३९६ जण बचावले.