मोळीच्या आधीची कुऱ्हाड : खानापूरच्या रानाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलतोडीचा विषय निघाला की बोट आधी जाते ते डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईकडे. वेलीने आवळलेल्या वाळक्या फांद्या, दोन दिवसांचे जळण. मला हे मनापासून खटकते, कारण या रानावर मोठी कुऱ्हाड चालवली ती दुसऱ्यांनीच.

पूर्वी घाटमाथ्यावर कुमरी चालायची. उतारावरची झाडोरा-फांद्या तोडून वाळवायच्या, जाळायच्या, पावसाच्या तोंडावर राखेत नाचणी पेरायची आणि काही वर्षांनी जागा रानाला परत द्यायची. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले वाढली आणि कुमरी नासाडी ठरली. पुढच्याच दशकात मुरगाव बंदराचा लोहमार्ग लोंढा-कॅसलरॉकवरून घाट उतरला. एका मैलाला रुळांखाली सुमारे 2,000 लाकडी स्लीपर लागत आणि 12-14 वर्षांत ते बदलावे लागत. मार्ग पुरा झाला तरी तोड चालूच.

1956 मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमावाद आपल्याला पाठ आहे. रानाच्या बाबतीत मात्र सरकार बदलले, नजर बदलली नाही. शेजारच्या दांडेलीत कागद कारखाना आला आणि त्याला बांबू नाममात्र दराने मिळू लागला. बुरूड ओरडू लागले की बांबू संपतोय. 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याचा अभ्यास केला तेव्हा कारण अगदी जमिनीलगत सापडले. बांबूच्या बेटाला बुडाशी काट्यांचे कुंपण असते. गावकरी त्याला हात न लावता वरूनच काठ्या काढत. कारखान्याचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून बूड साफ करत. मग पावसाळ्यात फुटलेले कोवळे कोंब जनावरे फस्त करत. खापर मात्र गावच्या चराईवर!

याच डोंगरांत कणकुंबीला मलप्रभा आणि देगावला म्हादई उगम पावते. पालापाचोळा गेलेल्या उघड्या उतारावरची माती पहिल्याच धुवाधार पावसात ओढ्याला लागते.

1980 चा वनसंवर्धन कायदा आणि 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनी तोडीला लगाम बसला, हे चांगलेच झाले. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झाले, आणि आता आतल्या गावांच्या स्थलांतराची चर्चा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार रानावरचा हक्क मिळवायला आदिवासी नसलेल्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, रानाच्या आधाराने राहिल्याचे दाखवावे लागते. 1930 साली आजा कुठे नाचणी पेरत होता, याचा कागद नातवाने आणायचा कुठून? नियमांत जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. ऐंशी-नव्वदी गाठलेली अशी माणसे आपल्या गावांत अजून आहेत. त्यांचे जबाब या उन्हाळ्यातच लिहून घ्यायला हवेत.