हाताशी आलं त्याचं घर

पेंढ्याच्या भिंती, मातीने ठासलेले टायर, अंगणात पवनचक्की. ग्रिडपासून, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्यापासून, दूर स्वतःच्या हाताने घर बांधायच्या या कल्पना पर्यावरणाच्या काळजीतून निघाल्या, असा सर्रास समज आहे. बहुतेकींचं मूळ साधं आहे: त्या त्या वेळी जे फुकट किंवा टाकाऊ होतं, ते वापरलं गेलं.

अमेरिकेच्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट देऊ केली. अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. म्हणजे घर बांधणं आलंच. पण नेब्रास्का-कॅन्ससच्या माळावर झाडं विरळ, आणि लाकूड लांबून आणायला पैसा नाही. मग नांगराने गवताळ जमीन मुळांसकट पट्ट्यांत सोलायची, तिचे तीनेक फुटी तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून, सांधमोड देत (खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देता) दुहेरी भिंत रचायची. मुळांनी माती इतकी घट्ट धरलेली असे की मध्ये मसाला लागत नसे. भिंती ऊब धरत, पण छतही मातीचंच. बाहेर पाऊस थांबला तरी आत ठिबकत राही. जेवणात माती पडू नये म्हणून आढ्याखाली कापड ताणत.

नेब्रास्काच्याच सँडहिल्स भागात हेही जमेना. रेताड जमिनीची ढेकळं हातातच फुटत. गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं मात्र तोवर आली होती. गठ्ठे विटांसारखे रचून वर गिलावा मारला की भिंत तयार. आर्थर गावात १९२८ साली बांधलेलं असं एक चर्च अजून उभं आहे. पेंढ्याच्या घराला नाकं मुरडणाऱ्यांना ते खुशाल दाखवावं. फक्त पाया उंच हवा आणि छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं हवं, कारण ओल शिरली की गठ्ठा कुजतो.

विजेची गोष्ट वेगळी. १९३०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती; ग्रिडबाहेर राहणं कुणी हौसेने निवडलेलं नव्हतं. जेकब्स कंपनीसारख्यांच्या छोट्या पवनचक्क्या बॅटऱ्या भरत, त्यावर दिवे आणि रेडिओ चाले. १९३५पासून सरकारने ग्रामीण विद्युतीकरण हाती घेतलं, तारा आल्या आणि चक्क्या गंजत पडल्या. १९७०च्या दशकात, तेलाचे भाव भडकल्यावर, त्यातल्याच काही शोधून, दुरुस्त करून लोकांनी पुन्हा खांबावर चढवल्या. सोलर सेल १९५४मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेने दाखवला होता, पण घरगुती वापरासाठी तो तेव्हा फारच महाग होता.

१९७०च्याच दशकात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ताओसजवळ वास्तुविशारद मायकेल रेनॉल्ड्स यांनी आधी रिकामे डबे, मग जुने टायर भिंतीत घातले. त्यातून ‘अर्थशिप’ नावाचं घर घडलं. एका टायरमध्ये घणाने ठोकून शंभर किलोंच्या वर माती बसते. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकतं. प्रत्यक्षात एका घराला शेकडो टायर लागतात आणि खांदे भरून येतात. जाड भिंत दिवसा दक्षिणेच्या काचेतून येणारं ऊन साठवते, रात्री ती ऊब सोडते. खरं काम करते ती माती, आणि मातीच्या जाड भिंती हे काम हजारो वर्षं करत आल्या आहेत. अशा घरांचं बांधकाम-नियमांशी मात्र जमेना. रेनॉल्ड्स यांचा लढा वर्षानुवर्षं चालला, आणि २००७ साली न्यू मेक्सिकोने अशा प्रयोगांसाठी चाचणी-जागांची मुभा देणारा कायदा केला.