याचं बटण कुठं आहे?

बोर्ड खोक्यातून काढून टेबलावर ठेवला तेव्हा बाबांनी पहिलंच विचारलं, "अगं, याचं बटण कुठं आहे?" मी तो उलटसुलट करून पाहिला. बटण नव्हतंच. एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी, ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ रुंद. एका काठाला चाळीस पिनांची दुहेरी रांग. पडदा नाही, कीबोर्ड नाही, अंगावर साधं कव्हरसुद्धा नाही. रास्पबेरी पाय ४ हा पूर्ण संगणक आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चहाला गेले.

तो आणला होता पावसासाठी. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला. पावसाळ्यात पोफळीला कोळेरोग लागतो आणि हिरवी सुपारी झाडाखाली सडा पडावा तशी पडते. त्यावर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारायचं तर उघडीप साधावी लागते आणि आधी किती पाऊस झाला याचा हिशेब ठेवावा लागतो. वर्तमानपत्रात पणजीचा आकडा येतो. पण घाटाकडे सरकलं की पावसाची जातच बदलते. वाळपईचा आकडा पाहिला तर ते लगेच कळतं. आपल्या बागेतला पाऊस आपणच मोजावा, एवढाच हेतू.

रास्पबेरी पाय पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. इंग्लंडमधल्या केंब्रिजला एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळजी होती की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी संगणकाच्या पोटात हात घातलेलाच नसतो. म्हणून त्यांना मुलांच्या हाती बिनधास्त देता येईल असा स्वस्त बोर्ड करायचा होता. त्याची चिप आपल्या बहुतेक लॅपटॉपमधल्या इंटेल जातीची नाही, ती मोबाइलमध्ये असते त्या आर्म जातीची. दोन्हींची आज्ञांची भाषाच वेगळी, त्यामुळे लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम उचलून इथं ठेवला तर चालत नाही.

आर्मचा जन्मही केंब्रिजचाच. एकॉर्न नावाच्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हातात आली. ती पहिल्याच दिवशी चालली. ती किती वीज खाते हे बघायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप तर काम करत होती! मग उलगडा झाला की तिला वीज देणारी जोडणी झालेलीच नव्हती. बाकीच्या तारांतून जे संदेश येत होते त्यांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालली होती.

ही गोष्ट मला फार आवडते, आणि तिनेच माझा घात केला. इतक्या मिताहारी घराण्यातला संगणक घरातल्या कुठल्याही मोबाइल चार्जरवर चालेल, असं मी धरून चालले. चालला, पण रडतखडत. पडद्याच्या कोपऱ्यात मधूनमधून पिवळी वीज चमकायची आणि काहीही मोठं उघडलं की गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी चार दिवस सॉफ्टवेअरला बोल लावला.

दोष होता केबलचा. स्वस्तातली बारीक केबल, तिचा जाऊन-येऊन रोध समजा ०.४ ओहम. बोर्डाने १.२ अँपियर ओढले की केबलमध्येच जवळपास अर्धा व्होल्ट खर्च होतो आणि ५ व्होल्टचे ४.५२ उरतात. व्होल्टेज ४.६३च्या आसपास उतरलं की पाय कुरकुरायला लागतो. ती पिवळी वीज म्हणजे ही कुरकुर. मोबाइलला याच केबलचं काही वाटत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. कमी आलं तर तो सावकाश चार्ज होतो, इतकंच. पायकडे साठवण नाही, त्याला त्या क्षणाला लागेल तेवढं त्याच क्षणाला हवं. त्याच्या स्वतःच्या चार्जरवर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपियर लिहिलेलं असतं. त्यातला तो वरचा ०.१ केबलमध्ये गळणाऱ्या व्होल्टसाठीच ठेवलेला. तो चार्जर आणला आणि पिवळी वीज गेली ती गेलीच.

दुसरा फटका जुन्या सवयीने दिला. पायला हार्डडिस्क नसते, सगळं मायक्रो एसडी कार्डावर. घरच्या लॅपटॉपवर बसून मी कार्डावर लिनक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. काम झाल्यावर काहीतरी बघायला कार्ड पुन्हा खुपसलं, तर लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू? मी मुकाट्याने हो म्हटलं. कार्डाचे दोन भाग असतात. एक छोटा, लॅपटॉपला वाचता येतो. दुसरा मोठा, लिनक्सच्या पद्धतीने मांडलेला. तो लॅपटॉपला कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट तो सरळ कोरी करायला निघतो. काही माणसंही अशीच असतात, पण ते असो.

कार्ड पुन्हा लिहिलं. मग भाचा आला. तो नववीत, शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकतो. पडदा न जोडताच त्याने सांगितलं, "मावशी, दिव्याकडे बघ." बोर्डावर एक हिरवा दिवा असतो. कार्ड वाचलं जाताना तो अनियमित लुकलुकतो. ठरावीक गतीने चार वेळा मिचकला तर सुरुवातीची फाइल सापडलेली नाही. सात वेळा मिचकला तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, सापडत नाही. गंमत अशी की त्या वेळी मुख्य प्रोसेसर झोपलेलाच असतो. आधी चित्रं काढणारा भाग जागा होतो, तोच कार्ड चाळतो, पडद्यावर क्षणभर इंद्रधनुषी चौकोन रंगवतो आणि मग मोठ्याला उठवतो.

बटणाचं कोडं मात्र पावसानेच सोडवलं. बंद करायचं म्हणजे प्लग उपटायचा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण प्रोग्रॅमने "लिहिलं" म्हटलं तरी मजकूर काही काळ मेमरीतच रेंगाळतो आणि सवडीने कार्डावर उतरतो. तेवढ्यात वीज गेली तर फाइल अर्धवट, आणि नशीब वाईट असेल तर फाइलींची सूचीच बिघडते. म्हणून आधी बंद होण्याची आज्ञा द्यायची, हिरवा दिवा शांत झाला की मग प्लग काढायचा. (पुढच्या पाय ५वर बटण आलं. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.) पण जुलैमध्ये वीज आज्ञेची वाट बघत नाही. म्हणून आता कार्डाचा मुख्य भाग फक्त वाचण्यापुरता ठेवलाय आणि पावसाचे आकडे वेगळ्या पेनड्राइव्हवर जातात.

वीज गेली की घड्याळही चुकतं. पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटची नोंदवलेली वेळ धरून पुढे चालायला लागतो. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतात, त्यामुळे रात्रीचे चार तास हरवले तर पाऊस भलत्याच तारखेला जातो. चपट्या गोल सेलवर चालणारं छोटं घड्याळ पिनांना जोडलं आणि तो प्रश्न मिटला.

खरी मजा पिनांची. आमचा पर्जन्यमापक उलटणाऱ्या पाळ्यांचा आहे. सतराव्या शतकात ख्रिस्तोफर रेन यांनी काढलेली ही युक्ती. फनेलखाली सीसॉसारख्या दोन इवल्या पाळ्या, म्हणजे पाणी साठणाऱ्या वाट्या. एक भरली की उलटते, दुसरी फनेलखाली येते. उलटताना चुंबक एका काचेच्या स्विचजवळून जातो, स्विच क्षणभर मिटतो, आणि ती मिट पिनेला कळते. आमच्या फनेलचं तोंड ५५ चौरस सेंटिमीटर, एक उलटणं म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस. १०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब ओतलं तर ६५ वेळा उलटायला हवं. पहिल्या चाचणीत आकडा आला १४३. दुसऱ्या दिवशी कडकडीत उन्हात, बागेतला पंप सुरू केला आणि तीन मिलिमीटर पाऊस पडला.

"पिन अधांतरी आहे," भाचा म्हणाला. स्विच उघडा असतो तेव्हा पिन कशालाच बांधलेली नसते, आणि बारा मीटर वायर मग एरियलचं काम करते. पंपाची मोटर सुरू झाली की त्या खळबळीलाही पिन "पाऊस" समजते. ४.७ किलोओहमच्या रोधाने पिन ३.३ व्होल्टला बांधली, तशी ती शहाणी झाली. (बाजूलाच ५ व्होल्टची पिन असते. तिथं चुकून बांधली तर चिप जळू शकते, म्हणून भाच्याने त्या पिनेवर लाल टोपी घातली.) राहिला दुपटीचा प्रश्न. स्विचचे दोन पत्रे मिटताना एकदाच मिटत नाहीत, टाकलेल्या चेंडूसारखे काही मिलिसेकंद उसळतात. माणसाला एक टिक ऐकू येतो, प्रोसेसरला दोन-तीन. म्हणून एका टिकनंतर ५० मिलिसेकंद कानात बोळे घालायला त्याला सांगितलं. तासाला १०० मिलिमीटरच्या धो धो पावसातही दोन उलटण्यांत दहा सेकंद असतात, त्यामुळे यात काही हरवत नाही. पुढच्या चाचणीत ६४ आले.

बाबांनी मात्र शेजारी आपला पत्र्याचा डबा ठेवला, सरळ उभ्या कडांचा, आत फूटपट्टी. जुलैतल्या एका रात्री पाऊस असा कोसळला की वळचणीचं पाणी एकसंध पडद्यासारखं दिसत होतं. सकाळी साडेआठला मशीन म्हणालं ९१ मिलिमीटर, डबा म्हणाला ९६. मी वाचलं, शोधलं. पाळी उलटत असते त्या क्षणी वरून येणारं पाणी आधीच भरलेल्या पाळीत पडतं आणि वाया जातं. पाऊस जितका जोराचा, तितकं हे जास्त. या जातीचे सगळेच मापक मुसळधारेत कमी दाखवतात.

"म्हणजे डबा बरोबर," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांनी कॅलेंडरवर ९६ लिहिलं, आणि भाचा प्रोग्रॅममध्ये जोराच्या पावसासाठी दुरुस्ती घालायला बसला.